गाळ

आमच्या सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांच्या यादीत, एक ओळ होती. रोज पहाटे चार वाजता ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा सुरू करणारी. तिच्या डोक्यावर कुणीतरी एकच शब्द लिहून ठेवला होता: 'तात्पुरतं'. मी ती ओळ पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा तिला अकरा महिने होऊन गेले होते.

अकरा महिने तिने आपलं काम चोख केलं. दिवसभर मेमरीचा आलेख चढत जायचा, पहाटे चारला कड्यावरून दगड सुटावा तसा खाली यायचा आणि पुन्हा चढायला लागायचा. सुरुवातीला दोनशे एमबी, दुसऱ्या पहाटे साडेतीनला एक हजार चारशे. करवतीच्या पात्यासारखा तो आकार इतका डोळ्यांत बसला होता, की टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने "हा असा का दिसतो?" म्हणून विचारलं तेव्हा मी सहज सांगून टाकलं, "तो तसाच असतो." ती मान हलवून गेली. मग माझ्या लक्षात आलं, की मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मला काही माहीतच नव्हतं.

मग वापर वाढला. एकेका प्रोसेसला, म्हणजे ॲप्लिकेशनच्या एकेका चालू प्रतीला, दिवसाला लाखभर रिक्वेस्ट यायच्या, त्या दीड लाखावर गेल्या. आता प्रोसेस पहाटेची वाट बघेना, मध्यरात्रीनंतर कधीतरी मरून पडायला लागली. कंटेनरच्या, म्हणजे ती ज्या बंदिस्त चौकटीत चालते तिच्या, नोंदीत तिचा शेवटचा आकडा असायचा १३७. म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा 'किल' सिग्नल. तो आला की प्रोग्रामला आवरासावर करायलाही वेळ मिळत नाही. दिलेली दोन जीबीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिला मारत होतं.

"दिवसातून दोनदा रीस्टार्ट करू या की," एक सहकारी म्हणाला. "एवढे दिवस चाललंच ना." तो आळशी नाही. त्याच्यापुढे दुसरी दहा कामं होती आणि हा उपाय खरंच चालला असता. तरी त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. पाणी कुठे मुरतंय ते मला बघायचं होतं.

'मेमरी लीक'ला आपण मेमरीची गळती म्हणतो. हा शब्द मला आता पटेनासा झाला आहे. सी भाषेत तो शोभतो. तिथे प्रोग्रामर जागा मागून घेतो, तिचा पत्ता हरवून बसतो आणि ती परत करायची राहून जाते. पण जावास्क्रिप्ट, जावा, पायथन या भाषांत जागा परत करण्याचं काम प्रोग्रामरकडे नसतंच. ते काम यंत्राने स्वतः करायची कल्पना जॉन मॅकार्थी यांची, लिस्प भाषेसाठी. १९६०च्या त्यांच्या निबंधात ती आहे. आपण तिला गार्बेज कलेक्शन म्हणतो. बोलण्यात तो शब्द तेव्हाही होता, पण त्या छापील निबंधात मात्र आला नाही. कल्पना विलक्षण साधी आहे. प्रोग्रामच्या मुळांपासून निघायचं, हाताला हात धरून जिथवर जाता येईल तिथवर जायचं, ज्या वस्तूंपर्यंत पोचता आलं त्यांवर खूण करायची, आणि उरलेल्या सगळ्या मोकळ्या करायच्या.

या कल्पनेत एक फट आहे. कलेक्टर विचारतो, "इथवर पोचता येतं का?" आपल्याला खरं विचारायचं असतं, "ही वस्तू पुन्हा कुणाला लागणार आहे का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्राला देता येतं, दुसऱ्याचं देता येत नाही. पोचता येणाऱ्या पण कुणालाही नको असलेल्या वस्तू या फटीत साठत जातात. बाहेर काहीच जात नाही. धरणात गाळ बसावा तसं होतं ते. पाण्याची पातळी वरून तेवढीच दिसते आणि तळ मात्र वर वर येत असतो.

हा गाळ दाखवणारं साधन लावणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं वाटतं. स्वतःच्या मशीनवर ते आहेही तसंच. आमचं ॲप्लिकेशन नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चालतं. नोडची प्रोसेस इन्स्पेक्ट हा पर्याय देऊन सुरू करायची, ती ९२२९ या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, ऐकायला लागते, क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समधून तिला जोडून घ्यायचं, मेमरी या टॅबवर जायचं, बटण दाबायचं. हीपचा, म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू जिथे राहतात त्या जागेचा, संपूर्ण फोटो, म्हणजे स्नॅपशॉट, समोर येतो. मी हे सगळं केलं, दहापंधरा पानं इकडेतिकडे उघडली, पुन्हा फोटो घेतला. फरक जवळजवळ शून्य. माझ्या मशीनवर गाळ साचायला पुरेसं पाणीच येत नव्हतं.

म्हणजे जिथे दुखतं तिथेच हात लावायला हवा होता. खरी तयारी इथून पुढे होती आणि तिला दोन आठवडे लागले.

पहिली गोष्ट, ते पोर्ट. ज्याला तिथवर पोचता येतं तो प्रोसेसच्या आत हवा तो कोड चालवू शकतो. म्हणूनच ते मुळात फक्त त्याच मशीनपुरतं उघडतं. कंटेनरमधून जोडता येत नाही म्हणून वैतागून ते सगळ्या जगासाठी उघडणारे लोक मी पाहिले आहेत. हे कृपा करून कुणी करू नये. त्यापेक्षा साधा मार्ग आहे: प्रोसेस सुरू करतानाच तिला सांगून ठेवायचं, की अमुक सिग्नल आला की स्नॅपशॉटची फाइल लिही. आम्ही यूझर-टू हा सिग्नल ठरवला.

रात्री नऊ वाजता, मेमरी चांगली फुगलेली असताना, मी तो सिग्नल पाठवला. फुगलेली असतानाच पाठवावा, म्हणजे जे फुगवतंय ते स्पष्ट दिसेल, असा माझा हिशेब. प्रोसेस गप्प झाली. स्नॅपशॉट घेताना नोडच्या आत जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ इंजिन बाकी सगळं थांबवतं, एकही रिक्वेस्ट पुढे सरकत नाही. वीस सेकंद, तीस सेकंद. मग नोंदीत आकडा उमटला, १३७. हीप नऊशे एमबीच्या पुढे होता आणि स्नॅपशॉट घ्यायला हीपच्या साधारण दुप्पट मेमरी लागते. नोडच्या माहितीपत्रात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं, फक्त बेरीज केली नव्हती. अर्धवट लिहिलेली फाइल कंटेनरच्या आत होती, ती कंटेनरबरोबर गेली. त्या अर्ध्या मिनिटात ज्यांनी काहीतरी लिहून 'जतन करा' दाबलं असेल, त्यांचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा नीट केलं. फाइलसाठी कंटेनरच्या बाहेर टिकणारी जागा. चार प्रोसेसपैकी एक आधी रांगेतून बाजूला काढून घेतली, म्हणजे तिच्याकडे नवी रिक्वेस्ट येणार नाही. ती जिवंत आहे ना हे दर दहा सेकंदांनी तपासणारा हेल्थ चेक थोडा वेळ सैल केला, नाहीतर तोच तिला मेलेली समजून मारतो. वेळ निवडली सकाळी आठची. हीप तेव्हा साडेतीनशेच्या आसपास असतो आणि दुप्पट झाला तरी मावतो. बिल्ड करताना, म्हणजे कोड सर्व्हरसाठी तयार करताना, नावं चुरगळून एकेका अक्षराची होत होती, तेही बंद केलं. कारण फोटोत 'टी' नावाच्या चाळीस हजार वस्तू दिसून कुणालाही काही कळत नाही.

फाइल आली. उघडली. आणि पहिल्या दहा मिनिटांत मी ती बंद केली.

शोधाच्या चौकटीत मी सहज 'पासवर्ड' हा शब्द टाकला होता. समोर एक पासवर्ड उघडा पडला होता. कुणाचा तरी खरा, त्याच्या ईमेलच्या शेजारी. आम्ही पासवर्ड साठवताना हॅश करतो, म्हणजे मूळ शब्द परत मिळणार नाही असा बदलून ठेवतो, नोंदींतून गाळतो, सगळं नियमाप्रमाणे करतो. पण हीपचा फोटो नियम बघत नाही, त्या क्षणी घरात जे जसं पडलेलं आहे ते तसं टिपतो. एका अनोळखी माणसाने पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी लॉगिन केलं होतं आणि त्याने बोटांनी टाइप केलेली अक्षरं माझ्या पडद्यावर होती. मला खोलीत न विचारता शिरल्यासारखं झालं.

लगेच नियम केले. स्नॅपशॉट फक्त एका मशीनवर ठेवायचा, ते मशीन कूटबद्ध हवं, फाइल चॅटवरून कुणाला पाठवायची नाही, काम संपलं की पुसायची. हे सगळं योग्यच होतं. पण मी इतकी खजील झाले होते, की समोर दिसलेल्या गोष्टीतला खरा प्रश्न मला दिसलाच नाही.

मग वाचन सुरू झालं. स्नॅपशॉट वाचणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते मला कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे असतात. शॅलो साइझ म्हणजे त्या वस्तूची स्वतःची जागा. रिटेन्ड साइझ म्हणजे ती वस्तू गेली तर एकूण किती जागा मोकळी होईल. खिळा दहा ग्रॅमचा असतो, पण त्याला टांगलेलं सगळं त्याच्या जिवावर असतं. अमुक वस्तूपर्यंत जायच्या सगळ्या वाटा तमुक एकाच वस्तूतून जातात, हे शोधून काढल्याशिवाय दुसरा आकडा मिळत नाही. लाखो वस्तूंच्या गुंत्यात हे झटपट कसं शोधायचं याची प्रसिद्ध रीत थॉमस लेंगॉअर आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९७९ साली मांडली. कंपायलरच्या, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, कामासाठी लिहिलेलं ते गणित आज गाळ उपसायच्या कामी येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रिटेन्ड साइझप्रमाणे यादी लावली आणि सगळ्यांत वर आमचा कॅश निघाला. तयार पानांचे तुकडे ठेवणारा एक मॅप, दीडशे एमबी धरून बसलेला. सापडला म्हणून मी उठून उभीच राहिले. दोन दिवस घालवून त्याला मर्यादा घातली, जुनं आपोआप निघून जाईल अशी व्यवस्था केली, डिप्लॉय केलं. दुसऱ्या दिवशी आलेख बघितला. तो जरा खालून सुरू झाला होता आणि चढ तोच, तेवढाच. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. कॅश मोठा होता, पण भरल्यावर तो वाढत नव्हता. आणि मी सगळ्यांत मोठं काय आहे ते शोधत होते, वाढतं काय आहे ते शोधतच नव्हते.

याच दिवसांत एकाने सुचवलं, की प्रोफायलर, म्हणजे हे मोजमाप करणारं साधन, कायमचाच चालू ठेवू या, म्हणजे पुन्हा ही धावपळ नको. मला ते पटेना. २२ ऑक्टोबर २०१२ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत मोठा बिघाड झाला होता. त्यांनी नंतर जाहीर केलेला अहवाल मी अनेकदा वाचला आहे. साठवणुकीच्या सर्व्हरांवर देखरेखीची माहिती गोळा करणारा एक छोटा प्रोग्राम असे. ती माहिती घेणारा एक सर्व्हर बिघडला म्हणून बदलला, पण नव्याचा पत्ता सगळीकडे पोचला नाही. ज्यांच्याकडे जुनाच पत्ता राहिला ते प्रोग्राम त्या गेलेल्या सर्व्हरला पुन्हा पुन्हा हाक मारत राहिले आणि प्रत्येक हाकेबरोबर त्यांच्यात थोडी मेमरी अडकत गेली. शेवटी मुख्य कामालाच मेमरी उरली नाही. राखणीला ठेवलेल्यानेच घर भरून टाकलं. म्हणून साधन लावायचं ते कामापुरतं, आणि काढून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

उत्तर मात्र साधनाने आधी दिलं नाही. नव्या मुलीला मी ते नियम समजावून सांगत होते. पासवर्ड उघडा दिसतो, म्हणून ही फाइल जपायची, असं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण लॉगिन पाच वाजता झालं होतं ना? फोटो आठला घेतला. तीन तासांनी तो तिथे कसा काय होता?"

मी बघतच राहिले. स्नॅपशॉट घेण्याआधी इंजिन कचरा गोळा करून घेतं. फोटोत जे दिसतं त्याला कुणीतरी धरून ठेवलेलं असतंच. लॉगिनची रिक्वेस्ट एका सेकंदाच्या आत संपते, तिचं उत्तर जातं, तिचं काम सरतं. ती तीन तासांनी जिवंत असायचं काही कारण नव्हतं. माझी शरम इतकी मोठी झाली होती, की तिच्या आड पुरावा झाकला गेला.

मग आम्ही दोघी बसलो. एका बाजूच्या मशीनवर तीच बिल्ड चढवली. आधी शंभरेक रिक्वेस्ट पाठवून प्रोसेस गरम करून घेतली, कारण सुरुवातीला सगळेच कॅश भरत असतात आणि ती वाढ फसवी असते. पहिला फोटो. मग एकाच पानाला ९९७ वेळा रिक्वेस्ट. दुसरा फोटो. पुन्हा ९९७, तिसरा फोटो. ९९७ ही मूळ संख्या आहे. हजार घेतलं असतं तर योगायोगाने हजार भरणाऱ्या गोष्टी पुष्कळ निघतात, पण ९९७ची वाढ योगायोगाने होत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मध्ये जन्मलेल्या आणि तिसऱ्यातही जिवंत असलेल्या वस्तू तेवढ्या दाखव, असं साधनाला सांगितलं.

यादी दोन ओळींत मावली. रिक्वेस्ट: ९९७. क्लोजर: ९९७. क्लोजर म्हणजे आजूबाजूच्या वस्तू धरून ठेवणारं फंक्शन.

प्रत्येकामागे अडकलेली जागा साधारण बारा केबी. एवढीशी. एकेकटी बघितली तर कुणाच्याही नजरेत येणार नाही, आणि रिटेन्ड साइझच्या यादीत तर पार तळाशी. पण बारा केबी गुणिले एक लाख करून बघा, बाराशे एमबी होतात. दोनशेवरून चौदाशे. रोज पहाटे साडेतीनला आम्ही बघत होतो तोच आकडा.

रिटेनर, म्हणजे कोण धरून बसलंय ते दाखवणारी साखळी, उलगडत गेलो. रिक्वेस्टला धरलं होतं एका फंक्शनच्या संदर्भाने, म्हणजे त्याला लागणाऱ्या बाहेरच्या वस्तूंच्या गाठोड्याने, त्या संदर्भाला धरलं होतं एका लिसनरने, म्हणजे काही घडलं तर चालायला सांगून ठेवलेल्या फंक्शनने, लिसनर होता एका यादीत आणि यादी होती आमच्या सेटिंग्जच्या सामायिक वस्तूवर. ती प्रोसेस सुरू होते तेव्हा जन्मते आणि प्रोसेसबरोबरच जाते. प्रत्येक रिक्वेस्टसाठी भाषांतराचा एक छोटा मदतनीस तयार व्हायचा, सेटिंग्ज बदलल्या तर मला सांगा म्हणून तिथे नाव नोंदवायचा, आणि रिक्वेस्ट संपली तरी नाव काढायचा नाही.

यातली एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. त्या लिसनरने रिक्वेस्टचा उल्लेखही केला नव्हता. कोड कितीही वाचला असता तरी मला ते दिसलं नसतं. पण त्याच ठिकाणी नोंदी लिहिणारं दुसरं एक फंक्शन होतं आणि ते रिक्वेस्ट वापरत होतं. एकाच आवारात जन्मलेल्या फंक्शनांना व्ही८ एकच सामायिक संदर्भ देतं. एकाने जे वापरलं ते दुसऱ्याच्याही नावावर चढतं. दुसरं फंक्शन केव्हाच संपलं होतं, त्याची वस्तू मात्र शेजाऱ्याच्या हातात राहिली होती.

आणि नोडने आम्हाला सांगितलं होतं. एकाच घटनेवर अकरावा लिसनर बसला की तो आपणहून इशारा देतो, इथे मेमरी अडकत असण्याची शक्यता आहे म्हणून. फाइलमध्ये जरा वर एक ओळ होती, लिसनरांची मर्यादा शून्य करणारी. तिथे शून्याचा अर्थ अमर्याद. नोंदींत तो इशारा सारखा येऊन त्रास होत होता म्हणून ती घातलेली. लिहिली होती दुसऱ्या कुणी, जो आता इथे नाही. पण तिच्या तपासणीत खाली 'चालेल' असं लिहून मान्यता दिलेली होती आणि ते नाव माझं होतं. मी ते त्या मुलीला दाखवलं. लपवावंसं वाटलं नाही.

दुरुस्ती सहा ओळींची झाली. प्रत्येक रिक्वेस्टमागे एक लिसनर बसत होता, त्याऐवजी सगळ्यांसाठी मिळून एकच. आणि ती शून्याची ओळ काढून टाकली.

त्या रात्री आलेख चढला, थोडा उतरला, पुन्हा चढला, उतरला, समुद्र शांत असताना असतो तसा. प्रोसेसने व्यापलेली एकूण मेमरी मात्र हीप उतरला तरी लगेच उतरत नव्हती. ते बघून एक सहकारी घाबरला. तसं होतं, घेतलेली जागा पुढे लागेल म्हणून खालचे थर ती काही काळ आपल्याकडे ठेवतात. ती चढत नाही ना, एवढं बघायचं.

हत्ती गेला तरी शेपूट राहिलंच होतं. पहाटे चारची ती ओळ आम्ही आणखी तीन आठवडे काढली नाही. कारण कुणालाच सांगता येईना, फक्त हात धजावत नव्हता. शेवटी नव्या मुलीनेच ती काढण्याचा बदल पाठवला. मी या वेळी प्रत्येक अक्षर वाचलं, मग मान्यता दिली.

स्नॅपशॉटच्या सात फाइली माझ्या मशीनवर अजून होत्या. काम संपलं की पुसायच्या, हा नियम मीच केला होता, आणि पुढे कधी लागतील म्हणून मीच त्या ठेवल्या होत्या. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी लॉगिन करणारा तो माणूस त्यांतल्या पहिल्या फाइलीत होता. मी सातही पुसल्या, कचरापेटीही रिकामी केली, आणि आठवी कुठे राहिली नाही ना हे बघायला सगळं मशीन एकदा शोधलं.